कॉर्डलेस ड्रिल घ्यायचंय? आधी बॅटरीतले सेल मोजा

ओळखीचे एक सुतार मध्यंतरी आपलं बॅटरीचं ड्रिल घेऊन आले. मशीन ठणठणीत होतं. चक (बिट पकडणारा जबडा) घट्ट, गिअरचा आवाज स्वच्छ, खटका हलका. पण दोन्ही बॅटऱ्या बसल्या होत्या आणि तशा सुट्या बॅटऱ्या कुठेच मिळत नव्हत्या. कंपनीने मधल्या काळात बॅटरीची खाच बदलली आणि जुन्या खाचेच्या बॅटऱ्या बनवणं थांबवलं. ड्रिल हातात फिरवत ते म्हणाले, "मशीन मेलेलं नाही, त्याचं अन्नपाणी बंद झालंय."

वायरचं ड्रिल घेताना तुम्ही फक्त ड्रिल घेता, वीज भिंतीतून येते आणि ती कुठल्याही कंपनीच्या मशीनला चालते. बॅटरीच्या ड्रिलबरोबर मात्र वीज पुरवणाराही तुम्ही निवडत असता. पहिल्या ड्रिलसोबत जी बॅटरी आणि जो चार्जर घरात येतो, तोच पुढचं ग्राइंडर, पुढची करवत, पुढचा ब्लोअर कोणाचा हे ठरवून टाकतो. कंपन्यांना हे चांगलंच ठाऊक आहे. म्हणून ड्रिल, दोन बॅटऱ्या, चार्जर आणि पेटी असा संच आकर्षक किमतीत मिळतो, आणि नंतर एकच बॅटरी सुटी घ्यायला गेलात की तिची किंमत ऐकून तुम्ही थबकता. आवळा देऊन कोहळा काढणं म्हणतात ते हेच. यात फसवणूक नाही, पण हिशेब माहीत असायला हवा. आणि तो हिशेब बॅटरीच्या डब्याच्या आत आहे.

डब्यात काय असतं

आत पेन्सिल सेलसारखे दिसणारे, पण त्याहून जाड आणि लांब असे लिथियम-आयन सेल असतात. सगळ्यात जास्त वापरला गेलेला प्रकार १८६५० या नावाने ओळखला जातो. नावातच माप आहे: १८ मिलिमीटर व्यास, ६५ मिलिमीटर लांबी. हल्ली त्याच्या जोडीला २१७०० आला आहे, २१ मिलिमीटर जाड आणि ७० मिलिमीटर लांब. कंपनी कुठलीही असो, रंग पिवळा असो, निळा, लाल की हिरवा, बहुतेक डब्यांमध्ये यांपैकीच एक सेल असतो. काही नव्या बॅटऱ्यांमध्ये गोल सेलऐवजी चपटे, पाकिटासारखे सेल येतात, पण हिशेब तोच राहतो.

अशा एका सेलचा सरासरी दाब ३.६ व्होल्ट. पाच सेल एकापुढे एक जोडले की १८ व्होल्ट. पूर्ण चार्ज झालेला सेल मात्र ४.२ व्होल्टच्या जवळ असतो, म्हणजे चार्जरवरून नुकतीच काढलेली तीच बॅटरी २०-२१ व्होल्ट दाखवते. आता दुकानातल्या दोन खोक्यांकडे बघा. एकावर '१८ व्होल्ट', दुसऱ्यावर '२० व्होल्ट मॅक्स'. दोन्हींत पाचच सेल. डिवॉल्टची जी बॅटरी अमेरिकेत २० व्होल्ट मॅक्स म्हणून विकली जाते, तीच युरोपात १८ व्होल्ट म्हणून विकली जाते. २० वाली जास्त ताकदीची म्हणून तिच्यासाठी दोन पैसे जास्त मोजणारे लोक मी पाहिले आहेत आणि दर वेळी जीव हळहळतो.

हाच नियम वर-खाली लावा. '१२ व्होल्ट मॅक्स'मध्ये तीन सेल, म्हणजे खरे १०.८ व्होल्ट. '४० व्होल्ट मॅक्स'मध्ये दहा सेल एकापुढे एक, म्हणजे ३६. '६० व्होल्ट मॅक्स'मध्ये पंधरा, म्हणजे ५४. खोक्यावर काहीही छापलेलं असो, तुम्ही मनात सेल मोजायचे.

दुसरा आकडा अँपिअर-तासाचा, बोली भाषेत 'एएच'. व्होल्ट म्हणजे टाकीतल्या पाण्याचा दाब धरला, तर एएच म्हणजे टाकी केवढी ते. दोन्हींचा गुणाकार केला की वॉट-तास मिळतात, आणि दोन वेगळ्या बॅटऱ्यांची तुलना करायची तर याच आकड्यावर करावी. १८ व्होल्ट, ५ एएच म्हणजे ९० वॉट-तास. ३६ व्होल्ट, २.५ एएच म्हणजेही ९० वॉट-तास. व्होल्ट दुप्पट दिसले तरी साठा तेवढाच. (विमानाने सामान नेणाऱ्यांसाठी जाता जाता: सुटी बॅटरी हातातल्या सामानातच न्यावी लागते आणि साधारणपणे १०० वॉट-तासांच्या पुढे विमान कंपनीची परवानगी लागते. ५ एएचची त्या रेषेच्या आत राहते, ६ एएचची ओलांडते.)

मोठी बॅटरी फक्त जास्त वेळ चालत नाही

सगळ्यात जास्त गैरसमज इथे आहे, म्हणून जरा थांबतो.

२ एएचच्या १८ व्होल्ट बॅटरीत पाच सेलची एकच रांग असते. ५ एएचच्या बॅटरीत बहुतेक वेळा पाच-पाचच्या दोन रांगा असतात, शेजारी शेजारी जोडलेल्या. समजा वर्तुळाकार करवतीने जाड फळी कापताना मोटर ४० अँपिअर प्रवाह ओढते आहे. लहान बॅटरीत ते सगळे ४० अँपिअर प्रत्येक सेलमधून जातात. मोठ्या बॅटरीत दोन रांगा भार वाटून घेतात, प्रत्येक सेलवर २० अँपिअर. सेलमध्ये तयार होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाने वाढते. म्हणून प्रवाह निम्मा झाला की त्या सेलची उष्णता निम्मी नाही, पावपट होते. शिवाय सेलवर जास्त भार आला की त्याचा दाब तेवढ्या वेळापुरता खचतो. १८ व्होल्टची बॅटरी भाराखाली १४-१५ वर येते आणि मोटरला दम लागतो.

हे कानांनी ऐकता येतं. एकाच करवतीला आधी २ एएचची बॅटरी लावून फळी कापायला घ्या. पातं लाकडात शिरलं की आवाज खाली उतरतो, हात ढकलतोय पण पातं मागे रेटतंय असं वाटतं, आणि अर्ध्या फळीत मशीन थांबतं. बॅटरी संपलेली नसते, दिव्यांच्या पट्टीत तीन दिवे तसेच जळत असतात. सर्किटने सेल वाचवण्यासाठी पुरवठा तोडलेला असतो. आता तीच करवत, तेच पातं, ५ एएचची बॅटरी. आवाज थोडा उतरतो आणि तिथेच टिकतो, भुसा सरळ रेषेत उडतो, फळी पार होते. कित्येक जण पहिल्या अनुभवावरून 'ही कंपनीच बेकार' म्हणून मोकळे होतात. कंपनी तीच होती, सेल कमी होते.

म्हणून स्क्रू पिळायला, डोक्याच्या वर हात करून काम करायला लहान बॅटरी घ्या, मनगटाला आराम पडतो. करवत, ग्राइंडर, चेनसॉ यांना मोठी द्या.

आणि कॉर्डलेसची मर्यादाही याच आकड्यांत दिसते. मध्यम ग्राइंडर जोरात चालताना ७०० वॉटच्या आसपास ओढत असेल, तर ९० वॉट-तासांची भरलेली बॅटरी त्याला पावणेआठ मिनिटं पुरते. २० वॉटचा दिवा त्याच बॅटरीवर साडेचार तास चालतो. दिवसभर वेल्डिंगचे सांधे घासायचे असतील आणि सॉकेट हाताशी असेल, तर वायरचंच ग्राइंडर ठेवा, असं मी बिनधास्त सांगतो. शिडीवर, गच्चीवर, वीज नसलेल्या जागी मात्र बॅटरीला तोड नाही.

वजनकाट्यावरची बॅटरी

आता त्या सुतारांची पुढची गोष्ट. बॅटरी मिळेना म्हणून त्यांनी कुठलीशी अनोळखी छापाची, 'खाच जुळते' असं सांगून विकलेली बॅटरी आणली होती. लेबलवर ६ एएच लिहिलेलं. वीस-पंचवीस स्क्रू झाले की मान टाकायची. मी ती उघडली नाही, फक्त काट्यावर ठेवली: ३७० ग्रॅम.

एवढं वजन पुरेसं बोलकं होतं. एक १८६५० सेल ४५ ते ४८ ग्रॅम भरतो. पाच सेल म्हणजे सव्वादोनशे ग्रॅमच्या वर थोडं, आणि डबा, पट्ट्या, सर्किट यांचे दीडशेच्या आसपास. म्हणजे आत पाचच सेल, एकच रांग. १८६५० मापाच्या चांगल्यात चांगल्या सेलची क्षमता साडेतीन एएचच्या आसपास थांबते. हत्यारांना लागणारा जोराचा प्रवाह देऊ शकणारे सेल त्याहून कमी, अडीच-तीनचे. एका रांगेतून ६ एएच येणं शक्यच नाही. दहा सेलची खरी बॅटरी सहाशे ग्रॅमच्या पुढे जायला हवी.

साडेतीनशे-चारशे ग्रॅमची बॅटरी ६, ८ किंवा ९ एएचचा दावा करत असेल, तर लेबल खोटं आहे हे घरातल्या साध्या काट्यावर कळतं. आणि प्रश्न फक्त फसवणुकीचा नाही. स्वस्त डब्यात प्रत्येक सेलवर नजर ठेवणारं सर्किट कित्येकदा अपुरं असतं. एखादा सेल प्रमाणाबाहेर चार्ज झाला तर आग लागू शकते, आणि लिथियमच्या सेलची आग एका सेलवरून शेजारच्या सेलवर जात राहते. रात्री चार्जरला लावून झोपण्याची सवय असलेल्यांना मी हे हात जोडून सांगतो.

अडॅप्टरचंही तसंच. एका कंपनीची बॅटरी दुसऱ्या कंपनीच्या मशीनला लावायचे प्लास्टिकचे अडॅप्टर मिळतात. दाब पाच सेलचाच, मग बिघडलं काय? बिघडतं ते असं: बॅटरी फार खाली उतरली की पुरवठा तोडायचं काम काही कंपन्या बॅटरीतल्या सर्किटला देतात, तर काही मशीनमधल्या सर्किटला. मशीनवर विसंबणारी बॅटरी तुम्ही दुसऱ्याच मशीनला लावलीत, तर दोघांपैकी कोणीच थांबवत नाही. सेल तळाला जातात आणि बऱ्याचदा परत उठत नाहीत. अडचणीत एखाद्या वेळी दिवा लावायला अडॅप्टर ठीक, रोजच्या कामाला नको.

घराणी

ब्लॅक अँड डेकरने १९६१ मध्ये निकेल-कॅडमियमच्या सेलवर चालणारं पहिलं कॉर्डलेस ड्रिल आणलं. ते सेल जड होते आणि बरंचसं काम त्यांच्याच वजनाला उचलण्यात जायचं. खरा बदल २००५ च्या सुमारास झाला. मिलवॉकीने २८ व्होल्टची लिथियम-आयन हत्यारं बाजारात आणली, मकिताने १८ व्होल्टची. मकिताची ती खाच आजही चालू आहे, त्या बॅटरीवर चालणारी नवी मशीनं अजून निघतात. र्‍योबीने तर १९९६ पासून आपल्या १८ व्होल्ट बॅटरीचा आकार बदललेला नाही. तेव्हाच्या ड्रिलला आजची लिथियम बॅटरी बसते. माझ्या लेखी टॉर्कच्या, म्हणजे पिळण्याच्या जोराच्या, आकड्यांपेक्षा ही गोष्ट मोठी आहे, कारण मशीन पंधरा वर्षं टिकेल, पण बॅटरी रोजच्या वापरात त्याआधी कितीतरी लवकर थकणार. तुम्ही पुन्हा बॅटरी घ्यायला जाणार आहात, हे ठरलेलंच आहे.

एक गैरसमज मालकीबद्दल. मिलवॉकी आणि र्‍योबी ही दोन्ही हत्यारं टीटीआय या हाँगकाँगच्या समूहाची. डिवॉल्ट आणि ब्लॅक अँड डेकर एकाच स्टॅनली ब्लॅक अँड डेकरची. मालक एक म्हणून बॅटरी एक होत नाही, खाचा वेगळ्याच. इतकंच काय, बॉशची निळी व्यावसायिक हत्यारं आणि हिरवी घरगुती हत्यारं दोन्ही १८ व्होल्टची, दोन्हींवर नाव तेच, तरी यांची बॅटरी त्यांना बसत नाही. निळ्याच्या बॅटऱ्या आहेत म्हणून सवलतीत हिरवी करवत उचलू नका.

एकाच घराण्यातही दोन चुली असू शकतात. मकिताच्या ४० व्होल्ट मॅक्सची खाच १८ व्होल्टपेक्षा वेगळी आहे. मिलवॉकीची १२ आणि १८ ही दोन वेगळी कुटुंबं. याला दोन चांगले अपवाद मला मनापासून आवडतात. डिवॉल्टने २०१६ मध्ये फ्लेक्सव्होल्ट आणली. तिच्यातले पंधरा सेल मोठ्या मशीनला लावले की एकापुढे एक होऊन ५४ व्होल्ट देतात, आणि १८ व्होल्टच्या मशीनला लावले की पाच-पाचच्या तीन रांगा शेजारी शेजारी येतात. हायकोकी, म्हणजे पूर्वीची हिताची कोकी, तिची मल्टीव्होल्ट बॅटरी तेच ३६ आणि १८ मध्ये करते. जुनी मशीनं निरुपयोगी न करता पुढे जायचा हा रस्ता आहे.

तिसरा रस्ता युतीचा. मेटाबोच्या पुढाकाराने २०१८ मध्ये सीएएस नावाची युती झाली, तीत अनेक कंपन्यांची हत्यारं एकाच बॅटरीवर चालतात. बॉशच्या निळ्या बॅटरीभोवती अँपशेअर नावाची तशीच युती आहे. एखाद्या खास कामाचं मशीन, पाइप दाबायचं किंवा रिव्हेट मारायचं, छोटी कंपनी बनवते, मोठी बनवत नाही, अशा वेळी युतीतली बॅटरी हाताशी असणं फार उपयोगी पडतं.

मग घ्यायचं कुठलं

कंपनीचं नाव मनात येण्याआधी कागद घ्या आणि पुढच्या पाच-सात वर्षांत लागतील असं वाटणारी मशीनं लिहा. खरी लागतील तीच. घरात पडदे, फळ्या, कपाटाचे बिजागर एवढंच असेल तर ड्रिल आणि स्क्रूड्रायव्हर दोनच नावं येतील, आणि तीन सेलवाली, म्हणजे १२ व्होल्ट मॅक्सची हत्यारं भरपूर होतात. लोक उगाच मोठ्याच्या मागे लागतात. काँक्रीटमध्ये भोकं पाडायची असतील तर यादीत 'रोटरी हॅमर' लिहा, साधं इम्पॅक्ट ड्रिल नव्हे. इम्पॅक्ट ड्रिल दोन दातेरी चकत्या एकमेकींवर घासून हादरे देतं, रोटरी हॅमर आतल्या पिस्टनने हवेच्या दाबावर हातोडा हाणतं. काँक्रीटमध्ये पहिलं खरवडत बसतं, दुसरं आत शिरतं. लाकूड कापायचं, लोखंड कापायचं, तर सरळ १८ व्होल्ट.

यादीतली किमान पहिली चार मशीनं ज्या घराण्यात त्याच बॅटरीवर मिळतात, ती घराणी शिल्लक ठेवा. दोन-तीन उरतील. आता दुकानात जा आणि ड्रिल दाखवा म्हणण्याआधी विचारा, "याची ४ किंवा ५ एएचची सुटी बॅटरी आहे का? हातात द्या." नुसतं 'मागवून देतो' ऐकू आलं तर ते घराणं तुमच्या भागात अजून रुजलेलं नाही. मग विचारा, चक आणि स्विच बदलून कोण देतं, जवळ कुठे. या दोन प्रश्नांनी जेवढी निवड होते तेवढी टॉर्कच्या तक्त्यांनी होत नाही. मोठ्या कंपन्यांच्या एकाच दर्जाच्या ड्रिलमधला फरक रोजच्या कामात तुम्हाला क्वचितच जाणवेल.

मोटर शक्यतो ब्रशलेस, म्हणजे कार्बनचे ब्रश नसलेली, घ्या. कार्बनच्या ब्रशवाल्या मोटरीत घासण्यात वीज जाते, ब्रशलेसमध्ये तीच बॅटरी जास्त भोकं पाडून देते. एक गोष्ट खरी, की कार्बन झिजले तर ते बदलणं सोपं आणि स्वस्त असतं, ब्रशलेसचं सर्किट गेलं तर दुरुस्ती महागात पडते. तरीही माझा कौल ब्रशलेसला, कारण यात सगळ्यात महाग वस्तू बॅटरी आहे आणि ब्रशलेस मोटर तिच्याकडून जास्त काम करून घेते.

बॅटऱ्या दोन तरी हव्यातच, एक मशीनवर, एक चार्जरवर. संचात चार्जर कुठला येतो तेही पाहा. २ अँपिअरच्या चार्जरवर ४ एएचची बॅटरी भरायला दोन तासांहून जास्त लागतात, मग तुम्ही कामावर नुसते बसून राहता. नंतरची मशीनं मात्र बॅटरीशिवाय, नुसती घ्या.

आणि घेतल्यावर तिला जपा. निकेल-कॅडमियमच्या काळातली 'पूर्ण उतरवून मगच चार्ज करा' ही शिकवण लिथियमला लागू नाही, उलट ती घातक आहे. मशीनचा दम कमी होतोय असं वाटलं की तिथेच थांबा. कामावरून तापून आलेली बॅटरी आधी गार होऊ द्या. चांगला चार्जर स्वतःच वाट पाहतो. शून्य अंशाच्या खालच्या थंडीत चार्ज करू नका, सेलच्या आत धातूचा लिथियम साठत जातो आणि ते नुकसान भरून येत नाही. महिनोन्महिने ठेवायची असेल तर साधारण अर्धी भरून, उन्हापासून दूर, मशीनमधून काढून ठेवा. उतरलेली बॅटरी तशीच पेटीत टाकली की सहा महिन्यांनी चार्जर तिला ओळखही देत नाही.

त्या सुतारांनी यादी केली तेव्हा तीत ड्रिल, इम्पॅक्ट ड्रायव्हर (धक्के देत स्क्रू पिळणारं मशीन), करवत आणि जिगसॉ अशी चार नावं आली. ग्राइंडर त्यांनी स्वतःहून खोडलं, ते वायरचंच राहणार म्हणाले. दुकानात त्यांनी आधी सुटी बॅटरी मागितली, हातात तोलून पाहिली आणि मला फोन केला: "सहाशे तीस ग्रॅम भरली. घेऊ ना?"